चुकीच्या कॅटेगरीत गेलेले इंजिन: ऑनलाइन लिलावात विभाग कसा निवडावा?

जुनी पेटी (धागाकर्ती)

नमस्कार. मामांच्या पश्चात त्यांच्या संग्रहातल्या वस्तू मार्गी लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांत खेळण्यातल्या आगगाडीची तीन इंजिने, जुन्या चित्र-पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणि एका डबीत जपून ठेवलेली लहानशी लेन्स आहे. मला स्वतःला यांतल्या कशातलेच फारसे कळत नाही, ही कबुली आधीच दिलेली बरी.

मागच्या आठवड्यात पहिले इंजिन सात दिवसांच्या लिलावाला लावले. विभाग निवडताना मापांची एक लांबलचक यादी समोर आली. पेटीत रुळाचा एक तुकडा होता, म्हणून मी पट्टी घेऊन दोन रुळांमधले अंतर मोजले. ते १६.५ मिलिमीटर भरले. शोधल्यावर या मापाला 'एचओ' म्हणतात असे कळले आणि मी निःशंक मनाने इंजिन एचओच्या विभागात टाकले. फोटो दिवसाच्या उजेडात काढले होते, एका बाजूचा रंग उडाला आहे हेही वर्णनात लिहिले होते. सात दिवसांत एकच बोली आली, तीही आरंभीच्या किमतीची, आणि इंजिन तेवढ्यातच गेले.

खरेदीदाराने वस्तू मिळाल्यावर अगदी सभ्यपणे कळवले की इंजिन उत्तम अवस्थेत आहे, मात्र ते एचओ नसून ओओ आहे, आणि चुकीच्या विभागात लागलेली इंजिने शोधणे हाच आपला छंद आहे. त्याचा मला राग आला नाही, कारण त्याने काही लपवले नव्हते. पण उरलेल्या वस्तू लावण्याआधी नीट समजून घ्यावे असे वाटले. रूळ तर बरोबर मोजला होता, मग चुकले काय? विभागाने खरोखरच एवढा फरक पडतो का? एकच वस्तू दोन विभागांत लावता येते का, आणि लिलाव सुरू झाल्यावर चूक कळली तर ती दुरुस्त करता येते का?

रूळबावरा

ताई, तुमची पट्टी बरोबर होती, फक्त मोजायची जागा चुकली. एचओ आणि ओओ या दोन्ही मापांच्या गाड्या त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर धावतात, त्यामुळे रूळ मोजून या दोहोंत फरक करताच येत नाही. फरक असतो तो डब्याच्या आणि इंजिनाच्या अंगात. एचओमध्ये खऱ्या गाडीच्या १:८७ या प्रमाणात प्रतिकृती असते, तर ओओमध्ये ते प्रमाण साधारण १:७६ असते.

असे विचित्र माप का आले, तेही सांगतो. ब्रिटनमधली खरी इंजिने युरोपातल्या इतर देशांच्या मानाने अरुंद आणि बुटकी असतात. ती १:८७ या प्रमाणात लहान केल्यावर त्या काळची विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना. मग कारखानदारांनी रूळ तोच ठेवला आणि अंग तेवढे मोठे केले. १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' या नावाने गाड्या आल्या आणि ब्रिटनमध्ये ओओ रुजले ते कायमचे. म्हणजे ब्रिटिश बनावटीचे किंवा ब्रिटिश रेल्वेच्या रंगातले इंजिन हाती आले की पहिला संशय ओओचाच घ्यावा.

ओळखण्याची सोपी युक्ती अशी की इंजिनात चालकाची बाहुली असेल तर तिची उंची मोजावी. पावणेसहा फुटांचा माणूस ओओमध्ये सुमारे २३ मिलिमीटर भरतो आणि एचओमध्ये सुमारे २० मिलिमीटर. बाहुली नसेल तर डब्याच्या दरवाजाची उंची पाहावी. असाच घोटाळा त्याहून लहान 'एन' मापातही आहे. तिथे रूळ ९ मिलिमीटरचा असतो, पण ब्रिटिश प्रतिकृती १:१४८ आणि बाकीच्या बहुतेक १:१६० प्रमाणाच्या असतात. सुदैवाने तिथे दोघांनाही 'एन'च म्हणतात, त्यामुळे विभाग चुकत नाही, फक्त खरेदीदाराची भुवई उंचावते.

उरलेली दोन इंजिने उलटी करून पोटाखाली कोरलेले किंवा छापलेले नाव आणि क्रमांक पाहा. ते इथे लिहिलेत तर मी सांगू शकेन.

सरळमार्गी

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडण्याची परवानगी असावी. विभागांच्या झाडाची फांदी-फांदी उतरत वस्तू शोधणारा ग्राहक आता उरला आहे कुठे? प्रत्येक जण शोधपट्टीत नाव टंकतो. तेव्हा वेळ खर्च करायचाच तर तो शीर्षकावर करावा. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. त्या ८० अक्षरांत कारखान्याचे नाव, माप, क्रमांक आणि अवस्था बसवली की विभाग ही एक औपचारिकता उरते. धागाकर्तीच्या शीर्षकात 'ओओ' हा शब्द असता, तर इंजिन कुठेही ठेवले असते तरी लोकांना सापडले असते.

हातोडा

सरळमार्गी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते अर्धे मी आनंदाने मान्य करतो. शीर्षक चुकले तर योग्य विभागही वाचवू शकत नाही. पण उरलेल्या अर्ध्यात एक गोष्ट निसटते. ठरलेल्या किमतीची विक्री आणि लिलाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठरलेल्या किमतीला वस्तू विकायची असेल तर एक ग्राहक पुरतो. तो आज आला काय आणि महिन्याने आला काय, किंमत तीच. लिलावात मात्र एका ग्राहकाने काहीच होत नाही. बहुतेक ऑनलाइन लिलावांत खरेदीदार आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा, एकाने कमाल १०० नोंदवले आणि दुसऱ्याने ६०. वस्तू पहिल्याला मिळते, पण ती साठाच्या एक पायरी वर. म्हणजे किंमत ठरवतो तो जिंकणारा नव्हे, हरणारा, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री (आडनाव योगायोगाने असे आहे, मी कोटी करत नाही) यांनी १९६१ मध्ये अशा दुसऱ्या बोलीच्या किमतीने ठरणाऱ्या लिलावाची मांडणी केली होती आणि पुढे १९९६ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

आता ताईंचे इंजिन या चष्म्यातून पाहा. ओओ गोळा करणारा एक माणूस चुकीच्या विभागात हिंडत होता, त्याला ते सापडले. त्याची तयारी आरंभीच्या किमतीच्या दहापट देण्याचीही असेल, पण दुसरा माणूसच तिथे नव्हता, त्यामुळे पहिल्याची तयारी कामाला आलीच नाही. विभाग चुकला की वस्तू कोणालाच सापडत नाही असे नसते. ती एकाला सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही. लिलावात तेवढ्याने सगळे नुकसान होते.

तो दुसरा माणूस का येत नाही, याचे उत्तर शोधपट्टीत नसून जतन केलेल्या शोधांत आहे. मुरलेला संग्राहक रोज येऊन नाव टंकत बसत नाही. त्याने एकदा आपल्या ठरावीक उपविभागात शोध लावून तो जतन केलेला असतो आणि नवी वस्तू लागली की त्याला सूचना येते. शोध उपविभागापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण साधे आहे, नाहीतर त्याला त्या नावाची पुस्तके, स्टिकर आणि चहाचे कपही रोज पाहावे लागतील. हे असे लोकच किंमत वर नेतात आणि वस्तू त्यांच्या उपविभागात नसेल तर तिची सूचना त्यांना मिळतच नाही. शिवाय खरेदीदार माप, कारखाना, अवस्था अशी गाळणी (फिल्टर) लावतो, आणि कोणती गाळणी उपलब्ध असतील ते विभागावरच ठरते. तुम्ही एचओ विभागात वस्तू टाकून शीर्षकात 'ओओ' लिहिलेत, तरी एचओ वगळून शोधणाऱ्याच्या चाळणीतून ती खालीच पडणार.

सरळमार्गी

जतन केलेल्या शोधांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मी स्वतः नवे मोबाइल आणि त्यांचे सुटे सामान विकतो. तिथे एकाच वस्तूचे शेकडो विक्रेते असतात आणि खरेदीदार नमुना क्रमांक टंकूनच येतो. संग्राहकांच्या वस्तूंचे गणित निराळे असावे, हे मान्य.

पोस्टमार्क

पोस्टकार्डांचा गठ्ठा शब्द वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. धागाकर्ती, त्या गठ्ठ्यावरचे दोरे सोडा, पण कार्डांवरची तिकिटे कृपा करून सोडवू नका. पाण्यात भिजवून तिकीट काढले की कार्डही जाते आणि तिकिटाचेही मोल बहुधा उतरते.

एकच कार्ड किती जणांचे असू शकते ते पाहा. समजा, समोरच्या बाजूला जहाजाचे चित्र आहे. मागे तिकीट आहे, त्यावर शिक्का आहे आणि खाली दोन ओळींचा मजकूर आहे. चित्र-पोस्टकार्डे जमवणारा ते जहाजाच्या चित्रासाठी घेईल. तिकिटे जमवणाऱ्याला त्यात फारसा रस नसेल, कारण तिकीट सर्वसाधारण आहे. पण टपाल-इतिहासाचा संग्राहक आधी कार्ड उलटेल, भिंग घेऊन शिक्का वाचेल आणि त्यावर 'पाकबो' असा शब्द दिसला तर खुर्चीत सरळ होऊन बसेल. बोटीवर असताना टपालात टाकलेल्या पत्रांवर हा शिक्का मारला जातो. असे कार्ड चित्राच्या विभागात लावले तर चित्र पाहणारे ते ओलांडून पुढे जातील, कारण त्यांच्या दृष्टीने मागच्या शिक्क्याने कार्ड खराब झालेले आहे. ज्याला एक जण डाग म्हणतो त्यासाठीच दुसरा बोली लावतो.

म्हणून मी वस्तू हातात घेऊन 'हे काय आहे' असे विचारत नाही, 'हे कोणाला हवे आहे' असे विचारते. कार्ड हे कार्डच आहे, पण ज्याला ते सगळ्यात जास्त हवे आहे तो ज्या उपविभागात वावरतो तो त्याचा विभाग.

काळ ठरवायला एक खूण देते. मागची बाजू मधोमध रेघ मारून दोन भागांत विभागलेली आहे का ते पाहा. एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर, ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून मिळाली. त्याआधीच्या कार्डांवर मागे फक्त पत्ताच लिहायचा असे, त्यामुळे लोक चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत मजकूर कोंबत. अविभाजित पाठीची कार्डे वेगळी काढा. गावांची चित्रे असलेली कार्डे त्या त्या देशाच्या आणि गावाच्या उपविभागात जातात. जहाजे, प्राणी, सणवार यांची कार्डे विषयवार विभागांत जातात. उरलेल्या साध्या कार्डांचा मात्र एकत्र लॉट करावा. प्रत्येकाचा स्वतंत्र लिलाव लावत बसलात तर तुमचा वेळ वस्तूहून महाग पडेल.

जुनी पेटी

आपण सगळ्यांनी इतक्या सविस्तरपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. रात्री गठ्ठा सोडून बसले होते. 'पाकबो' काही सापडले नाही, पण एका कार्डावर तिकिटाच्या कडेला अर्धा उमटलेला गोल शिक्का आहे आणि त्यात आगबोटीच्या नावासारखी काही अक्षरे दिसतात. चित्र बंदराचे आहे. मग हे कार्ड गावाच्या विभागात लावावे की टपाल-इतिहासात? दोन्हीकडे लावता आले तर प्रश्नच मिटेल.

हातोडा

दोन विभाग घेण्याची सोय ईबेसारख्या स्थळांवर असते, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तूची नोंद, एकच राहते, ती दोन ठिकाणी दिसते. लावण्याचे शुल्क मात्र दुसऱ्या विभागासाठीही मोजावे लागते आणि काही प्रकारच्या लिस्टिंगना ही सोय मिळतच नाही. मी ती क्वचितच वापरतो. कोणता विभाग बरोबर हे आपल्याला ठरवता आले नाही म्हणून दुसरा विभाग घेणे म्हणजे आपल्या अज्ञानासाठी पैसे भरणे. वस्तूला खरोखर दोन स्वतंत्र गिऱ्हाइके असतील, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या विभागात कधी फिरकत नसतील, तरच तो खर्च भरून निघतो. लिलावाच्या दृष्टीने तशी वस्तू सोन्यासारखी, कारण पहिला बोलीदार एका छंदातला आणि दुसरा दुसऱ्या छंदातला मिळू शकतो. तुमचे बंदराचे कार्ड मला त्याच जातीचे वाटते, पण शिक्का वाचता आला तरच.

एकाच वस्तूच्या दोन स्वतंत्र लिस्टिंग लावून हा खर्च वाचवू असे मनात आले असेल तर तो विचार सोडून द्या. वस्तू एक आणि लिलाव दोन, म्हणजे जिंकणारेही दोन. अशा दुहेरी लिस्टिंग स्थळे काढून टाकतात ते वेगळेच.

पोस्टमार्क

अर्धा शिक्का असेल तर मुख्य विभाग बंदराच्या गावाचा ठेवा आणि शिक्क्याचा स्वतंत्र, जवळून काढलेला फोटो दुसऱ्या क्रमांकावर द्या. शीर्षकात बोटीच्या नावाची जेवढी अक्षरे वाचता येतात तेवढी लिहा, उरलेली अंदाजाने भरू नका. टपालवाले लोक अर्ध्या अक्षरावरून पूर्ण बोट ओळखतात. त्यांना ओळखू द्या, त्यातच त्यांना आनंद असतो.

अंधारखोली

लेन्सबद्दल कोणी बोलले नाही. तिच्यावर काय लिहिले आहे, मागच्या आट्यांचा व्यास किती आहे आणि पुढच्या बाजूला फोकससाठी फिरणारे कडे आहे का, हे सांगाल का?

जुनी पेटी

तिच्यावर ५० मिमी आणि २.८ असे आकडे आहेत. आट्यांचा बाहेरचा व्यास पट्टीने ३९ मिलिमीटर भरतो. एक कडे फिरते, पण त्याने आतली पाकळ्यांची झडप लहान-मोठी होते, लेन्स पुढे-मागे होत नाही. स्थळाने शीर्षक वाचून 'कॅमेऱ्याच्या लेन्स' हा विभाग आपणहून सुचवला आहे.

अंधारखोली

तो सुचवलेला विभाग स्वीकारू नका. तुमच्या इंजिनाची गोष्ट इथे पुन्हा घडते आहे. ३९ मिलिमीटरचे आटे जुन्या लायका कॅमेऱ्यांच्या लेन्सनाही असत आणि अंधारखोलीत फिल्मवरून कागदावर छायाचित्र मोठे करणाऱ्या एन्लार्जरच्या लेन्सनाही असतात. अशा कॅमेऱ्याच्या लेन्सला फोकसची सोय स्वतःतच असावी लागते. तुमच्या लेन्सला फक्त झडपेचे कडे आहे, कारण एन्लार्जरमध्ये फोकस करण्याचे काम यंत्राचा भाता किंवा दांडा करतो. तेव्हा ही एन्लार्जर लेन्स आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

ती कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये लावली तर काय होते, ते माझ्या अनुभवातून सांगतो. मी एकदा अशीच लेन्स तिथे लावली होती आणि वर्णनात 'आटे ३९ मिमी' एवढेच लिहिले होते. तिला चांगल्या चार-पाच बोली आल्या आणि मी खूश झालो. जिंकणाऱ्याने ती आपल्या जुन्या कॅमेऱ्याला बसवली. ती बसलीही, पण काही केल्या फोकस होईना. 'वस्तू वर्णनाशी जुळत नाही' अशी तक्रार आली, पैसे परत द्यावे लागले, जाण्या-येण्याचा टपालखर्च माझ्या अंगावर पडला, आणि मी लेखी काहीही खोटे म्हटलेले नसताना निकाल त्याच्या बाजूने लागला. आता विचार करता तो निकाल योग्यच होता असे मला वाटते. कारण विभाग हासुद्धा वर्णनाचाच भाग आहे. मी ती लेन्स कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये ठेवली, म्हणजे ती कॅमेऱ्याची आहे असे मी न लिहिता सांगितले होते.

तेव्हा तुमची लेन्स अंधारखोलीच्या साहित्यात, एन्लार्जर लेन्सच्या उपविभागात लावा. या लेन्सना सध्या दुसरेही गिऱ्हाईक आहे. अगदी जवळून छायाचित्रे काढणारे लोक डिजिटल कॅमेऱ्यापुढे भाता लावून त्यावर या लेन्स बसवतात, पण त्यांना कुठे शोधायचे ते चांगले ठाऊक असते आणि ते आपणहून या उपविभागात येतात. त्यांच्यासाठी शीर्षकात 'मॅक्रो' हा शब्द पुरेसा आहे.

नवशिक्या

स्थळ सुचवते तो विभाग चुकीचा कसा काय असू शकतो? त्यांच्याकडे तर सगळी माहिती असते.

हातोडा

सुचवणारी यंत्रणा तुमचे शीर्षक वाचते, आणि आता फोटोही पाहते. शीर्षकच अपुरे असेल तर सूचनाही अपुरीच येणार. ताईंनी 'लेन्स' लिहिले, यंत्रणेने जास्तीत जास्त लेन्स जिथे असतात ती जागा दाखवली. ती सूचना म्हणजे अनोळखी गावात पहिल्या भेटलेल्या माणसाने दाखवलेला रस्ता समजावा. ऐकून घ्यावा, पण पुढच्या चौकात पुन्हा विचारावा.

मी विचारतो ते विकल्या गेलेल्या वस्तूंना. आपल्यासारखीच वस्तू शोधायची, गाळणी 'विकले गेलेले' वर ठेवायची आणि मग एकेक लिस्टिंग उघडून तिच्या माथ्यावरचा विभागांचा पूर्ण मार्ग वाचायचा. अजून विकायला असलेल्या वस्तूंकडे मी पाहत नाही, कारण त्यांच्या किमती ही विक्रेत्यांची स्वप्ने असतात आणि त्यांचे विभाग हे त्यांचे अंदाज. विकलेल्यांतही किमतीआधी बोल्यांची संख्या पाहतो. एक बोली येऊन गेलेली वस्तू मला काही शिकवत नाही. आठ-दहा बोल्या आलेली वस्तू सांगते की त्या उपविभागात किमान दोन माणसे जागी होती. अशा पाच-सहा लिस्टिंग एकाच शेवटच्या उपविभागाकडे बोट दाखवू लागल्या की माझा शोध संपतो. कधी कधी त्या दोन वेगळ्या ठिकाणी वाटल्या गेलेल्या दिसतात. मग जिथे बोल्या जास्त आहेत तिथे जायचे, आपल्याला तर्काने कोणती जागा पटते याला महत्त्व द्यायचे नाही.

'इतर' या नावाचा उपविभाग प्रत्येक फांदीच्या टोकाला टपून बसलेला असतो. घाई असलेला विक्रेता तिथे जातो आणि खरेदीदार सहसा तिथे जात नाही.

नवशिक्या

आणि शंभर वर्षे जुने असले की ते अँटिकमध्येच टाकायचे ना? माझ्याकडे एक टाइपरायटर आहे.

पोस्टमार्क

नको. अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुने हा संकेत आहे खरा, जकातीच्या नियमांतही तो आढळतो, पण वय हा विभाग ठरवण्याचा कमकुवत आधार आहे. टाइपरायटरचा संग्राहक टाइपरायटरांच्या उपविभागात असतो, मग यंत्र शंभर वर्षांचे असो की पन्नास. वस्तूला स्वतःचे नाव असलेला उपविभाग उपलब्ध असताना नुसत्या वयाच्या विभागात जाऊ नये. आणि त्याच्या कळा तोडून दागिन्यांसाठी विकण्याचा विचार असेल तर कृपया मला सांगू नका.

रूळबावरा

मोडक्या वस्तूंबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण इंजिनांत हा प्रश्न हमखास येतो. न चालणारे पण पूर्ण असलेले इंजिन सुट्या भागांच्या विभागात टाकू नये. ते इंजिनांच्याच विभागात ठेवून अवस्थेच्या रकान्यात 'चालत नाही किंवा भागांसाठी' हा पर्याय निवडावा. सुट्या भागांचा विभाग खरोखर सुट्या झालेल्या चाकांसाठी आणि मोटरींसाठी आहे. दुरुस्तीचा नाद असलेले लोक बंद पडलेली इंजिनेच शोधत असतात, आणि ते इंजिनांत शोधतात. ईबेच्या सुरुवातीचा, १९९५ मधला तो मोडका लेझर पॉइंटर आठवतो ना? संस्थापक पिएर ओमिडयार यांनी खरेदीदाराला विचारले की तो मोडका आहे हे आपल्याला कळले आहे ना, तर तो म्हणाला की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.

जुनी पेटी

शेवटची शंका. लिलाव सुरू असताना विभाग बदलता येतो का? आणि एका ओळखीच्यांनी सुचवले की ज्या विभागात स्थळाचे कमिशन कमी आहे तिथे वस्तू लावावी. ते योग्य आहे का?

हातोडा

पहिल्याचे उत्तर असे की पहिली बोली येण्याआधी बदलावे. ईबेवर एकही बोली आलेली नसेल आणि लिलाव संपायला बारा तासांहून अधिक वेळ असेल तर बहुतेक सगळे बदलता येते. बोली आल्यावर हात बांधले जातात, आणि ते न्याय्यच आहे, कारण बोली लावणाऱ्याने त्या वर्णनावर विसंबून बोली लावलेली असते. विभाग बदललात तर तपशिलांचे रकाने पुन्हा तपासा. नव्या विभागाचे रकाने वेगळे असतात आणि आधी भरलेली माहिती त्यांत तशीच उतरेल याचा भरवसा नसतो. मी तर लिस्टिंग लावल्यावर तासाभराने स्वतःच खरेदीदार होऊन शोधतो. आपली वस्तू आपल्याला गाळणी लावून सापडली नाही, तर ती कोणालाच सापडणार नाही.

दुसऱ्याचे उत्तर नाही असे आहे. कमिशनचे दर विभागवार वेगळे असतात हे खरे, पण तेवढ्यासाठी वस्तू भलत्या जागी लावणे नियमबाह्य आहे, लिस्टिंग काढली जाते, आणि वारंवार घडले तर खात्यावर निर्बंध येतात. शिवाय हिशेबानेही ते तोट्याचे आहे. कमिशनमध्ये चार टक्के वाचवताना दुसरा बोलीदार गमावला, तर ते चार टक्के कशाचे वाचले?

कॅटाविकीसारख्या काही स्थळांवर हा निर्णय विक्रेत्यावर सोडलेलाच नसतो. वस्तूची माहिती आणि फोटो आधी तिथल्या तज्ज्ञाकडे जातात आणि तो ती वस्तू स्वीकारून योग्य विषयाच्या लिलावात बसवतो, किंवा नाकारतो. ज्याला वस्तूतले काहीच कळत नाही त्याला ती सोय बरी, मात्र तज्ज्ञाच्या होकाराची वाट पाहावी लागते.

जुनी पेटी

कळवायला उशीर झाला. दुसऱ्या इंजिनाच्या पोटाखाली कारखान्याचे नाव सापडले आणि रूळबावरा यांनी ते ओओ असल्याचे सांगितले. चालकाची बाहुलीही मोजली, ती २३ मिलिमीटर भरली. विकलेल्या लिस्टिंगचे मार्ग वाचून इंजिन परवा ओओच्या उपविभागात लावले. लेन्स अंधारखोलीत गेली आहे. बंदराचे कार्ड अजून हातात आहे, शिक्क्याचे एक अक्षर 'र' आहे की 'न' यावर घरात मतभेद आहेत.

इंजिनाला अजून बोली आलेली नाही, पण सतरा जणांनी ते नजरेखाली ठेवले आहे आणि दोघांनी निरोप पाठवून चौकशी केली आहे. एकाला जोडणीचा आकडा (डबा अडकवायचा हुक) मूळचा आहे का ते हवे आहे, दुसऱ्याला चाके धातूची आहेत की प्लास्टिकची ते हवे आहे. पहिल्या इंजिनाच्या वेळी सात दिवसांत कोणी एक शब्द विचारला नव्हता. रूळबावरा, आकडा मूळचा आहे हे कशावरून ओळखायचे?

रूळबावरा

इंजिन उलटे करून आकड्याच्या बुडाशी असलेल्या खिळ्याचा किंवा स्क्रूचा स्पष्ट फोटो टाका. खिळा चकचकीत आणि बाकी सगळे मळकट असेल, तर आकडा नंतर बदललेला असण्याची शक्यता आहे. तसे दिसले तर ते वर्णनात आजच जोडा, पहिली बोली यायच्या आत.